बंदुकीचे रूप आणि बंदुकीचे काम

अमेरिकेत बंदूक नियंत्रणाचा वाद सुरू झाला की तो हमखास रायफलीच्या दस्त्यावर आणि नळीच्या टोकावर येऊन अडतो. कॅलिफोर्नियात राहून हा वाद जवळून पाहताना माझे मत पक्के होत गेले आहे की, ज्या कायद्याला माणसांचे जीव वाचवायचे आहेत त्याने बंदूक कशी दिसते याची चिकित्सा करण्याऐवजी ती थोड्या वेळात किती गोळ्या झाडू शकते, हे आधी विचारले पाहिजे.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या संघीय कायद्याने काही बंदुकांवर नावानिशी बंदी घातली आणि उरलेल्यांसाठी एक कसोटी ठरवून दिली. अर्धस्वयंचलित (चाप एकदा ओढला की एक गोळी सुटणाऱ्या) रायफलीला काढता-घालता येणारे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, असेल आणि शिवाय दुमडता येणारा दस्ता, पिस्तुलासारखी खाली आलेली मूठ, संगीन बसवण्याची खोबण, नळीच्या तोंडाशी उठणारी ज्वाळा झाकणारा तुकडा किंवा तो बसवण्याचे आटे, आणि ग्रेनेड लाँचर यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी असतील, तर ती २००४ पर्यंत निषिद्ध होती. यांतल्या एकाही गोष्टीने गोळीचा वेग वाढत नाही, की चाप ओढण्याची गती बदलत नाही. उत्पादकांनी संगीनीची खोबण काढली, नळीचे टोक साधे केले आणि एआर-१५ या सैनिकी रायफलीसारख्या दिसणाऱ्या बंदुकीच्या घडणीच्या रायफली नव्या नावांनी विकायला ठेवल्या. रुगर कंपनीची मिनी-१४ ही रायफल तेच .२२३ काडतूस त्याच पद्धतीने झाडते. पण तिचा न दुमडणारा, शिकारी बंदुकीसारखा दस्त्याचा प्रकार याच कायद्याने सूट दिलेल्या बंदुकांच्या यादीत घातला होता. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८९ मध्ये, मॉन्ट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १४ स्त्रियांचे बळी घेणाऱ्या हल्लेखोराच्या हाती मिनी-१४ होती, आणि २०११ मध्ये नॉर्वेच्या उटोया बेटावर ६९ जणांना मारणाऱ्यानेही हीच रायफल वापरली.

कॅलिफोर्नियाचा कायदा अधिक कडक. तरीही तो त्याच वाटेने गेला. अवजाराशिवाय काढता येते तेच मॅगझिन सुटे, असा नियम होता आणि बंदुकीची गोळीही अवजारात मोजली जात होती. त्यामुळे मॅगझिन सोडवण्याचे बटण खोलगट करून ठेवायचे आणि गोळीच्या टोकाने ते दाबायचे, एवढ्यावर रायफल कायदेशीर होत असे. सॅन बर्नार्डिनो येथे २ डिसेंबर २०१५ रोजी १४ जण मारले गेल्यानंतर, पुढच्या वर्षी विधिमंडळाने ही पळवाट बंद केली. त्यानंतर मुठीला मागे एक चपटी पट्टी जोडलेल्या रायफलींचा वापर वाढला. त्या पट्टीमुळे अंगठा मुठीभोवती वळत नाही, म्हणून कायद्याच्या लेखी ती पिस्तुलासारखी मूठ ठरत नाही, आणि मॅगझिन मात्र एका बोटाने निघते. ज्या नियमाचे पालन प्लास्टिकच्या एका पट्टीने होते, त्याच्यावर मुलांची सुरक्षितता सोपवणे मला पटत नाही.

या सगळ्या गोष्टी निव्वळ शोभेच्या आहेत, हा बंदूकधारकांचा दावाही मी जसाच्या तसा मान्य करत नाही. दुमडलेला दस्ता बंदूक लपवायला मदत करतो आणि मुठीमुळे पकड स्थिर राहते. फक्त त्यांचा परिणाम दुय्यम आहे. बंप स्टॉकची गोष्ट अगदी वेगळी आहे. तो दिसायला साध्या दस्त्यासारखाच असतो, पण रायफलीच्या धक्क्याचा उपयोग करून चापावरच्या बोटाला जवळजवळ मशीनगनची गती देतो. लास व्हेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री त्याचा वापर झाला आणि त्या हल्ल्याने अखेर ६० बळी घेतले. त्यावरची प्रशासकीय बंदी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये रद्द केली, ही माझ्या मते गंभीर बाब आहे, कारण इथे खरोखर बंदुकीचे काम बदलत होते.

मॅगझिनचे महत्त्व ॲरिझोनातील टूसॉन येथे ८ जानेवारी २०११ रोजी दिसले. अमेरिकी संसदेच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत आलेल्या हल्लेखोराकडे रायफल नव्हती. त्याच्याजवळ पिस्तूल होते आणि त्याला ३३ गोळ्यांचे मॅगझिन लावलेले होते. ते रिकामे झाल्यावर दुसरे भरायच्या त्या काही क्षणांत जवळच्या लोकांनी त्याला खाली पाडले. तोवर सहा जणांना जीव गमवावा लागला होता, आणि त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. तो क्षण दहाव्या गोळीनंतर आला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

न्यूझीलंडनेही आधी मॅगझिनच्या मर्यादेबरोबर रूपही पाहिले होते. तिथे साध्या परवान्यावर सात गोळ्यांच्या मॅगझिनची अर्धस्वयंचलित रायफल मिळत असे, आणि मोठे मॅगझिन घ्यायला परवानाच लागत नसे. क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराने याच फटीचा फायदा घेतला आणि १५ मार्च २०१९ रोजी ५१ जणांना ठार केले. महिन्याभरातच संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक सर्व अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली, मग त्यांची मूठ कशीही असो, दहापर्यंत गोळ्यांच्या .२२ रिमफायर (कमी ताकदीच्या काडतुसांच्या) रायफली आणि पाचपर्यंत काडतुसांच्या काही शॉटगन यांनाच सूट दिली, आणि सरकारने ५६ हजारांहून अधिक बंदुका पैसे देऊन परत घेतल्या.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या दुरुस्तीमुळे इथे तेवढे नजीकच्या काळात घडणार नाही, हे मी जाणून आहे. पण कॅलिफोर्नियाची दहा गोळ्यांची मर्यादा नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवली आहे, आणि नियंत्रणाची बाजू घेणाऱ्या आमदारांनी दस्त्यांच्या नव्या व्याख्या लिहिण्यापेक्षा आपली शक्ती ही मर्यादा इतर राज्यांत नेण्यासाठी खर्च करावी, अशी माझी त्यांच्याकडे मागणी आहे.