हैबत, दरारा आणि एक तुर्की मालिका

गेल्या वर्षी एका तुर्की ऐतिहासिक मालिकेची मराठी सबटायटल्स करायचं काम माझ्याकडे आलं. लॉकडाऊनमध्ये हौसेनं शिकलेली तोडकीमोडकी तुर्की होती, पण त्या तुर्कीशी काम देणाऱ्यांना घेणंदेणं नव्हतं. त्यांच्याकडून यायची ती इंग्रजी फाइल. तुर्कीचं इंग्रजी कोणीतरी आधीच केलेलं, त्याचं मी मराठी करायचं.

पहिल्याच भागात अडखळले. राजवाड्यातली एक वयस्कर बाई दालनात येते, कुजबुज थांबते, दासी भिंतीला चिकटून उभ्या राहतात. एक दासी दुसरीच्या कानात म्हणते, ‘शी इज फॉर्मिडेबल.’ शब्दकोशात ‘भयंकर, दुर्जेय, अवघड’ असं दिलेलं. मी लिहिलं, ‘भयंकर बाई आहे ही.’ तपासनीस बाईंचा शेरा आला : ‘शेजारणीबद्दल बोलताय का?’

शेरा झोंबला, पण बरोबर होता. ‘भयंकर’मध्ये आदराचा लवलेश नाही आणि इंग्रजी शब्दात तो आहे. त्या एका फाइलीत फॉर्मिडेबल, रिडाउटेबल, ऑ-इन्स्पायरिंग, ड्रेड असे भीती आणि आदर एकत्र मळलेले शब्द वीसेक ठिकाणी निघाले. मग मी मूळ तुर्की संवाद मागवून घेतले आणि दोन्ही शेजारी लावून वहीत यादी करायला बसले.

दासीच्या तोंडी मुळात होतं ‘हेयबेतली’. म्हणजे हेयबेत, पाहताच धाक आणि आदर वाटावा असा भारदस्तपणा, असलेली. दोनदा मोठ्यानं म्हटलं आणि एकदम पेटलं : हैबत! आपला हैबतराव. ज्ञानेश्वर माउलींची पालखी सुरू करणारे हैबतबाबा. अरबीतून निघालेला हा शब्द तिकडे इस्तंबूलला गेला, इकडे दख्खनेत आला, आणि मी मात्र इंग्रजीच्या खिडकीतून त्याला शोधत होते.

मग नादच लागला. ‘देहशेत’ म्हणजे आपली दहशत. ‘हाश्मेत’ म्हणजे राजवैभव, त्याच धातूचं ‘मुहतेशेम’. शिवकाळातल्या कागदांत पायदळाला ‘हशम’ म्हणतात, तेही याच घरातलं. ‘जरब’ मुळात अरबी, अर्थ फटका. तुर्कीत त्याच धातूचा ‘दार्बे’ आहे, त्याचा आजचा अर्थ लष्करी उठाव! आपल्याकडे फटका डोळ्यांत आणि आवाजात उतरला, तिकडे रणगाड्यांवर चढला.

पण नातेवाईक म्हणून डोळे मिटून विश्वास टाकायची सोय नाही. आज मराठीत हैबत कोणाच्या तोंडी नाही. ‘ती हैबतीची बाई’ लिहिलं असतं तर आणखी एक शेरा आला असता. आणि दहशत आपल्याकडे गुंडाची असते, तिच्यात मान नाही.

मग आपल्याच शब्दांची छाननी केली. धाक घरातला : बापाचा, मास्तरांचा. वचक बंदोबस्ताचा, फौजदारानं ठेवायचा. दबदबा पैशाचा किंवा पुढारीपणाचा. दरारा मात्र माणूस यायच्या आधी पोचतो; तो दालनात नसतानाही दालनात असतो. बाईला ‘हिचा दरारा आहे’ मिळालं. पडद्यावर दीड सेकंद होता, त्यात चपखल बसलं.

‘चेकिन्मेक’ या क्रियापदानं जास्त छळलं. इंग्रजीत एकदा ‘फिअर’ केलेलं, एकदा ‘हेझिटेट’. एक तरुण सरदार आपल्या गुरूबद्दल ते वापरतो. आत्याला विचारलं, ‘आजोबांना तुम्ही घाबरायचात का गं?’ ती म्हणाली, ‘घाबरायचं काय त्यात? पण त्यांच्यासमोर पाय पसरून नाही बसलो कधी. दबून असायचो.’ संवादात ‘दबून असतो’ गेलं.

नावांचा घोळ वेगळाच. १५१२ ते १५२० राज्य केलेल्या ऑटोमन सुलतान सेलीमला इंग्रज ‘द ग्रिम’ म्हणतात. मी ‘क्रूर सेलीम’ लिहून मोकळी झाले होते. तुर्कीत तो ‘यावुझ’ आहे, कडक, करडा, कोणाला न बधणारा. इस्तंबूलच्या बोस्फोरस सामुद्रधुनीवर २०१६ साली खुल्या झालेल्या तिसऱ्या पुलाला सरकारनं त्याचं नाव दिलं, ते गौरव म्हणून, क्रूर म्हणून नव्हे. गंमत म्हणजे तुर्की म्हणीत हाच ‘यावुझ’ चोराला लागतो : यावुझ चोर घरमालकालाच दडपतो. आपल्या चोराच्या उलट्या बोंबा! शेवटी नाव ‘यावुझ सेलीम’च ठेवलं. त्याच्या मुलाचंही तसंच. पाश्चात्त्यांसाठी सुलेमान ‘भव्यदिव्य’, तुर्कांसाठी तो ‘कानुनी’, कायदे देणारा.

सहाव्या भागात एक शिपाई मटणाचा घास घेतो आणि म्हणतो, ‘म्युत्हिश!’ दहशतीच्याच धातूचा हा शब्द, मूळ अर्थ थरकाप उडवणारा. इंग्रजीत ‘ऑसम’. त्याचाही प्रवास तोच, धाकातून कौतुकाकडे. आणि आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच की! तिथे मी बिनधास्त ‘भयंकर चविष्ट’ लिहिलं. पहिल्या भागात हाकललेला शब्द सहाव्यात मागच्या दारानं आत आला. शेरा आला नाही.

सगळ्यात आनंद दिला ‘सायगी’नं. सायगी म्हणजे आदर आणि तो निघतो ‘सायमाक’पासून, म्हणजे मोजणे. शेवटच्या भागात म्हातारा वजीर मुलाबद्दल कळवळून सांगतो. इंग्रजी फाइलीत होतं, ‘ही हॅज नो रिस्पेक्ट फॉर मी.’ तुर्की शब्दशः : तो मला मोजत नाही.

मी तेच लिहिलं. ‘तो मला मोजत नाही.’ एक अक्षर इकडचं तिकडे न करता.