ब नमुना, चॅनल गेट आणि रुळाचा टोल

विज्ञानाच्या शिक्षकाकडे शाळेतली कोणकोणती कामं येतील, हे नियुक्तिपत्रात लिहिलेलं नसतं. इन्व्हर्टर बंद पडला, प्रयोगशाळेत साप निघाला, झेंडावंदनाच्या दिवशी माईक चालेना, सगळं आमच्याच गळ्यात. त्यामुळे नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाकडून ‘आगप्रतिबंधक उपाययोजनांचा अहवाल सादर करावा’ असं पत्र आलं, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी ते वाचलं, परत घडी घातली आणि थेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "सर, हे तुमचं."

आमची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. काटकोनात वळलेली दुमजली इमारत, दोन टोकांना दोन जिने, पुढे मैदान. पट हजाराच्या आत आहे, पण मधल्या सुट्टीत तो दुप्पट वाटतो.

याचा कायदा आहे: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. इमारतीतली यंत्रणा धड ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा इमारत वापरणाऱ्याची. काम परवानाधारक एजन्सीकडून करून घ्यायचं, तिने ते नीट झाल्याचा दाखला, म्हणजे नमुना अ, द्यायचा आणि मग दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत आहे असा नमुना ब. परवानाधारकांची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळते. ती आधी बघावी, कारण गावात आग विझवायचे लाल सिलिंडर विकणारा प्रत्येक जण परवानाधारक असतोच असं नाही.

पहिल्या एजन्सीच्या माणसाने फोनवरच विचारलं, "सर, सिलिंडर किती आहेत? फोटो टाका, संध्याकाळपर्यंत ब नमुना देतो." यायची गरजच नाही म्हणाला. संस्थेच्या कार्यालयाला हा प्रस्ताव फार पसंत पडला, कारण स्वस्त होता. मी हट्टाने दुसरा बोलावला. त्याने प्रत्येक सिलिंडर भिंतीवरून उतरवला, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघितलं, उलटासुलटा करून आतली पावडर हलते का ते कान लावून ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या एका सिलिंडरचा काटा अगदी हिरव्यात होता, पण नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं पक्कं घर बांधलं होतं. फोटोत ते कधीच दिसलं नसतं. संगणक कक्षातला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर त्याने काट्याला टांगून तोलला. त्या जातीच्या सिलिंडरला दाब दाखवणारा काटा नसतो, तो वजनावरच तपासतात, हे मला विज्ञानाचा शिक्षक असूनही तेव्हा कळलं.

काही सिलिंडर भरून आणले, काही नवे घेतले, ब नमुना फाईलला लागला. संस्थेच्या दृष्टीने काम संपलं.

मग मी अग्निशमन केंद्रात जाऊन मॉक ड्रिलसाठी, म्हणजे आग लागल्यावर बाहेर पडायच्या तालमीसाठी, विनंतीपत्र दिलं. एप्रिलच्या मध्यावर जाऊ नका, एवढं सांगून ठेवतो. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्या आठवड्यात जवानांना सगळीकडून आमंत्रणं असतात आणि आपल्याकडे परीक्षा. आम्ही पावसाळा सरल्यावरचा दिवस घेतला, त्यामुळे केंद्राचे अधिकारी आधी निवांत शाळा बघायला आले.

साहेबांनी सिलिंडरांकडे ओझरतं पाहिलं. मागच्या जिन्याशी येऊन थांबले आणि विचारलं, "हे गेट कोण उघडतं?"

मागच्या जिन्याच्या खाली लोखंडी चॅनल गेट आहे. नववी-दहावीची मुलं तिकडून दांडी मारतात म्हणून ते कायम कुलूपबंद. किल्ली शिपाई मामांकडे. त्या वेळी मामा कुठे होते? शिक्षणाधिकारी कार्यालयात, पगारबिलं घेऊन. किल्ली त्यांच्या खिशात. साहेब काही बोलले नाहीत, नुसते कुलपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या शाळेला जिना एकच आहे."

या एका कुलपावर शाळेत जेवढी चर्चा झाली, तेवढी निकालावरही होत नाही. बाईंची काळजी खोटी नव्हती: मुलगा दांडी मारून विहिरीवर गेला तर जाब त्यांनाच विचारणार. पण शाळा भरलेली असताना बाहेर पडायची वाट कुलपात असता कामा नये, यावर साहेब ठाम होते. शेवटी परिपाठाच्या आधी कुलूप काढायचं, शाळा सुटल्यावर लावायचं, दिवसभर गेटला आतून नुसती कडी, आणि त्या बाजूला ऑफ तास असलेल्या शिक्षकाने खुर्ची टाकून वह्या तपासायच्या, असं ठरलं. कुलूप उघडल्याची सही करायला एक वही केली. मामा पहिले काही दिवस त्या वहीवर रागावून होते.

त्याच जिन्याखाली मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि कधीकाळच्या विज्ञान प्रदर्शनाचा थर्माकोलचा ज्वालामुखी होता. आगीला याहून चांगलं जेवण कोण देणार? बाहेरच्या माणसाला वाटतं, उचला आणि द्या भंगारात. पण बाक डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, आहेत. मोडका असला तरी तो बाक आहे, नोंदीशिवाय गेला तर तपासणीत प्रश्न. म्हणून निर्लेखन, म्हणजे सामान नोंदीतून रीतसर कमी करणं: यादी करा, प्रत्येक नगाचा रजिस्टरमधला पानक्रमांक शोधा, शालेय समितीचा ठराव घ्या, संस्थेची मंजुरी आणा, भंगारवाल्यांची दरपत्रकं मागवा. रजिस्टरात ‘सागवानी बाक’ असं लिहिलेले काही नग प्रत्यक्षात लोखंडी पायांचे निघाले, त्यात आणखी वेळ गेला. सगळ्या कामात सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते या बाकांनी. तोवर ते मैदानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली हलवले. ही साधी गोष्ट आधी कोणाला सुचली नव्हती, कारण बाक जिन्याखाली असणं हेच सगळ्यांना नैसर्गिक वाटत होतं.

पोषण आहाराचं स्वयंपाकघर इमारतीला टेकून पत्र्याच्या शेडमध्ये. मावशी तिथे गॅसवर खिचडी करतात आणि भरलेली जादा टाकी त्याच शेडमध्ये, तांदळाच्या पोत्यांशेजारी. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत मुलांचं जेवण शिजत होतं तिथूनच आग निघाली, गवताच्या छपरानं पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातल्या शाळांसाठी अग्निसुरक्षेचे आदेश दिले. आमचं छप्पर पत्र्याचं, पण त्याच्या अगदी डोक्यावर पाचवीच्या वर्गाच्या खिडक्या. जादा टाकी बाहेर जाळीच्या कपाटात गेली, नळी बदलली, दाराशी आग विझवायचा एक सिलिंडर आला. साहेबांनी मावशींना बजावलं, गॅसचा वास आला तर पंख्याच्या बटणालासुद्धा हात लावायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून दारं उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा आणि गॅसगळतीसाठीच्या १९०६ या नंबरला फोन. मावशींनी तो नंबर खडूने शेडच्या दारावर लिहिला, खाली ‘आधी पोरं बाहेर’ असंही.

आता ड्रिल. पहिल्यांदा आम्ही ठरवलं की लांब घंटा झाली की वर्ग खाली आणायचे. शाळेत लांब घंटेचा अर्थ एकच असतो. घंटा वाजताच आरोळी उठली, मुलांनी दप्तरं पाठीला लावली आणि सगळी शाळा फाटकाकडे धावली. बाहेरचा भेळवाला सुद्धा गाडी सरसावून उभा राहिला. शिवाय विजेची घंटा महावितरणच्या भरवशावर. मग व्हरांड्यात टांगलेला रुळाचा जुना तुकडा कामी आला. पूर्वी त्यावरच टोल पडायचे, आता तो नुसता लटकत होता. थांबा न घेता त्यावर हातोडा वाजत राहिला की आग, असं ठरलं. तो आवाज मागच्या गल्लीपर्यंत जातो.

दुसरी अडचण चपलांची. आमच्याकडे वर्गात चपला-बूट घालून जात नाहीत, ते दाराबाहेर व्हरांड्यात रांगेनं असतात, म्हणजे सकाळी पहिल्या तासाला रांगेनं आणि नंतर ढिगानं. रूळ वाजला की मुलगा बाहेर येणार, खाली बघणार, आपला बूट शोधणार. मागून चाळीस जण येणार. सहावीच्या दारात एका मुलीचा सँडलचा पट्टा लागेना आणि तिच्यामागे पूर्ण वर्ग खोळंबला, हे मी स्वतः उभं राहून बघितलं. आता चपला वर्गात, मागच्या भिंतीलगत. काही ज्येष्ठ बाईंना हे पटलं नाही, सरस्वतीच्या फोटोकडे बोट दाखवून त्यांनी नाराजी व्यक्त केली. फोटो पुढच्या भिंतीवर आहे, चपला मागच्या, यावर तडजोड झाली. रूळ वाजला तर अनवाणी निघायचं.

उभं राहायचं कुठे, हा प्रश्न त्यामानाने सोपा. परिपाठाच्या रांगा मुलांना झोपेतही माहीत असतात, त्याच वापरल्या. फक्त परिपाठ इमारतीच्या पायऱ्यांसमोर होतो, त्या रांगा उचलून कबड्डीच्या मैदानापलीकडे नेल्या. फाटकासमोरची जागा मोकळी हवी, बंब तिथूनच येणार. तिथे उभ्या राहणाऱ्या व्हॅन आणि रिक्षांच्या काकांना मात्र अजून दर आठवड्याला सांगावं लागतं.

रांगा लागल्या, पण सगळे आले का हे कळेना. हजेरीपत्रकं पहिल्या तासानंतर शिक्षक-खोलीच्या कपाटात जातात, म्हणजे आग लागली तर तीही आतच. उपाय शाळेतच होता. पोषण आहारासाठी रोज सकाळी वर्गवार हजर संख्या काढावीच लागते. त्याची एक प्रत आता पुढच्या पायऱ्यांशी, बाहेरच्या बाजूच्या पाटीवर लागते. नावांसाठी वर्गप्रमुखाच्या खिशात पातळ वही, त्यात फक्त त्या दिवशीचे गैरहजर. आकडा जुळला तर हिरवा रुमाल वर, नाही जुळला तर लाल. साहेबांसमोरच्या ड्रिलमध्ये सातवीचा रुमाल लाल राहिला. एक मुलगा स्वच्छतागृहात होता, त्याने रूळ ऐकला होता आणि बाहेर येऊ की नको याचा विचार करत तो तिथेच उभा होता. तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर एक शिक्षक शेवटी निघतो, स्वच्छतागृहं आणि प्रयोगशाळा बघून.

जवानांनी मुलांना धुरात वाकून, रांगत कसं जायचं ते दाखवलं, कारण श्वास घेण्याजोगी हवा खालीच असते. ओला रुमाल नाकाला लावला की झालं, असं आपण सगळे सांगत आलो आहोत. साहेब म्हणाले, काजळी थोडी अडेल, विषारी वायू अडत नाही, रुमाल भिजवायला नळ शोधत बसू नका. सिलिंडरही त्यांनी दहावीच्या मुलांकडून आणि आम्हा शिक्षकांकडून चालवून घेतला. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, झाडू मारल्यासारखी फिरवा. इतिहासाच्या सरांनी ज्वाळांच्या शेंड्यावर मारा केला आणि पंधरा-वीस सेकंदांत सिलिंडर संपला, आग तशीच.

आठवीत एक मुलगा पायाला आधाराची पट्टी, कॅलिपर, लावून चालतो. वर्ग वरच्या मजल्यावर. त्याला खुर्चीवरून उचलून आणायची दोघा शिक्षकांची जोडी कागदावर नेमली, तालीमही केली. तोच मुलगा म्हणाला, "सर, वर्गच खाली आणा ना." डिजिटल फळा वर आहे म्हणून थोडी कुरकुर झाली, पण आठवी खाली आली. डिजिटल तासाला आता दुसरे वर्ग वर जातात.

स्नेहसंमेलनाच्या मांडवाचंही यातच निघालं. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणात डबवालीला शाळेच्या समारंभात मांडव पेटला, ४०० हून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं आणि आया. मांडव कृत्रिम कापडाचा होता आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. आमचा मांडववाला तिन्ही बाजू कनाती लावून बंद करायचा, कारण ‘बाहेरचे फुकट बघतात’. यंदा दोन बाजू उघड्या ठेवल्या. बाहेरच्यांनी फुकट बघितलं.

जुलैचा ब नमुना जवळ आला तेव्हा नवा प्रश्न निघाला: पावसात आठशे-नऊशे मुलं कबड्डीच्या चिखलात किती वेळ उभी करायची? शेजारी एक मंगल कार्यालय आहे, मोठं छत, भरपूर जागा, रुंद दार. मालकांकडे मी आणि बाई रीतसर पत्र घेऊन गेलो. त्यांनी चहा मागवला, पत्र दोनदा वाचलं, भिंतीवरचं बुकिंगचं कॅलेंडर उलटून बघितलं आणि म्हणाले, "आषाढीनंतर चार महिने मुहूर्तच नसतात, हॉल रिकामाच असतो. पोरं खुशाल आणा. फक्त साखरपुडा वगैरे असला तर आधी फोन करतो."