आई-बाबांवर माहितीपट करताना

मी कॉलेजात असताना माझे आई-बाबा वेगळे झाले. कोर्टकचेरी झाली नाही, आरडाओरडाही नाही. बाबा एक दिवस दुसऱ्या घरी राहायला गेले आणि तिथेच राहिले. पुढे दोघंही माझ्याशी त्या दिवसाबद्दल बोलत राहिले, पण दोघांच्या हकिकती कधीच जुळल्या नाहीत. त्या न जुळण्यावर मी एकोणीस मिनिटांचा माहितीपट केला. घरच्यांवर फिल्म करायची ठरवलं की बहुतेक जण आधी विचारतात, कॅमेरा कोणता घेऊ? तो प्रश्न सगळ्यात आधी सुटतो. बाकीचे कसे सुटत गेले, ते लिहिते.

रिलीज फॉर्मवर, म्हणजे फिल्ममध्ये दाखवायला संमती देणाऱ्या कागदावर, दोघांनी लगेच सही केली. पण लेकीने पुढे केलेला कागद आई-बाप कशाला नाकारतील? म्हणून त्या सहीवर मी विसंबले नाही. तोंडी काही गोष्टी ठरवल्या. नको वाटलं तर कधीही ‘बंद कर’ म्हणायचं. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, बाहेरच्या कुणाच्याही आधी त्यांनी बघायचा. फिल्म कुठे दाखवायची तेही त्यांना विचारून. बाबांनी आपली एक अट घातली, “तुझी आई काय बोलली, ते शूटिंग संपेपर्यंत मला सांगू नकोस.” ही अट फिल्मला फार उपयोगी पडली. दोघंही एकमेकांना उत्तरं देत बसले नाहीत, आपापलं आठवत राहिले.

शूटिंगची तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट केलं आणि शटर १/५० सेकंद ठेवलं, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर घरातले दिवे चित्रात लुकलुकत नाहीत. आवाज कॉलर माइकवर, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पैसे मोजकेच असतील तर ते आधी आवाजावर घालावेत, असं माझं ठाम मत आहे. चित्र थोडं अंधारलेलं चालतं, पण कुजबुजत सांगितलेली गोष्ट ऐकूच आली नाही तर मग काय दाखवणार? प्रत्येक मुलाखतीनंतर मिनिटभर रूम टोन घ्यायचा, म्हणजे कुणी बोलत नसताना त्या खोलीचा जो आवाज असतो तो. एडिटमध्ये दोन वाक्यांमधला सांधा त्यानेच झाकला जातो.

मग जुन्या कॅसेटी निघाल्या. मिनी डीव्हीची, म्हणजे जुन्या घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यातली, साठ मिनिटांची टेप कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला साठ मिनिटंच लागतात, पुढे पळवता येत नाही. त्यामुळे मला सगळं बसून बघावं लागलं, आणि त्यातच फिल्मचा कणा सापडला. आईची मुख्य तक्रार होती की बाबा आमच्यात कधी नसायचेच. कॅसेटींमध्येही ते खरंच कुठे दिसत नाहीत. माझे वाढदिवस, शाळेतले कार्यक्रम, सहली, सगळीकडे आई आणि मी. कारण कॅमेरा बाबांच्या हातात असायचा. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा मात्र ते प्रत्येक शॉटमध्ये होते. लेन्समागचा त्यांचा श्वास, “इकडे बघ, अजून इकडे,” आणि एकदा आईला उद्देशून हळूच, “दमलीस का?” आई त्यावर काहीच बोलत नाही, केस मागे सारते. आईची तक्रार खोटी नव्हती आणि बाबांचं असणंही खोटं नव्हतं. दोन्ही एकाच टेपवर होतं. तिथून मी मुलाखतींची मांडणीच बदलली.

एडिटला मैत्रिणीला घेतलं. आपल्याच आई-बापाला कापायला बाहेरचा हात हवा, हे माझं मत अजूनही कायम आहे. तिच्या पहिल्या जुळणीत आई म्हणते, “त्या रात्री ते घरी आलेच नाहीत,” आणि लगेच बाबांचा चेहरा येतो: खाली वळलेली नजर, लांबलेली शांतता. बघताना अंगावर काटा आला. पण ती शांतता कुठली, हे मला माहीत होतं. शर्टाला लावलेल्या माइकची वायर सुटली होती आणि बाबा ती बघत होते. लेव कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने १९२० च्या आसपास हेच दाखवून दिलं होतं: चेहरा तोच ठेवायचा, शेजारचा शॉट बदलायचा, की बघणाऱ्याला त्यावर वेगळाच भाव दिसतो. कथापटात ही कला आहे. इथे मात्र माझ्या बाबांच्या तोंडी न दिलेली कबुली घातली गेली असती. तो तुकडा काढला. त्या जागी त्यांचं खरं उत्तर ठेवलं. ते लांबट आहे, अडखळत आहे, आणि मध्येच ते म्हणतात, “मला नीट आठवत नाही गं.” फिल्म तिथे मंदावते. मंदावू दे.

रफ कट दाखवायचा म्हटल्यावर ओळखीतले काही जण म्हणाले, कशाला, ते सगळंच काढायला लावतील. पण फ्रेंच माहितीपटकार झाँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमधल्या माणसांवर केलेल्या फिल्ममध्ये त्या माणसांनाच चित्रीकरण दाखवलं, आणि त्यांची उलटसुलट मतंही फिल्ममध्येच ठेवली. त्याने ती फिल्म कमकुवत झाली नाही. आई आणि बाबांना मी वेगवेगळं बसवून दाखवलं. आईने एकच वाक्य काढायला सांगितलं, तेही मावशीबद्दलचं. “ती यात नाहीये, तिला कोणी विचारलेलं नाही,” म्हणाली. बरोबरच होतं तिचं. बाबांनी काहीच काढायला सांगितलं नाही. फक्त “दमलीस का” पुन्हा लावायला सांगितलं.

अडचण आली ती भलतीकडेच. सहलीच्या एका टेपमध्ये मागे रेडिओवर गाणं वाजत होतं. गाण्याचे हक्क दोन असतात, रचनेचे वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे. बहुतेक फेस्टिव्हलमध्ये हे सगळे हक्क आपल्याकडे आहेत असं लिहून द्यावं लागतं. घरगुती कॅमेऱ्यात बोलणं आणि गाणं एकाच ट्रॅकवर भरलं जातं. सॉफ्टवेअरने वेगळं करून पाहिलं, पण आईचा आवाज पत्र्यासारखा झाला. शेवटी तो भाग सोडला. अजून हळहळ वाटते.

लांबीचंही सांगते. ऑस्करच्या नियमात लघुपट म्हणजे श्रेयनामावलीसकट जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. पण आपली फिल्म इतर फिल्मच्या जोडीने दाखवायची असते, तेव्हा छोटी फिल्म आयोजकांना बसवणं सोपं जातं. आमची एकतीसवरून एकोणीसवर आली. गेलं ते बहुतांश माझं निवेदन, कारण मी जे समजावून सांगत होते ते टेपमध्ये आधीच ऐकू येत होतं.

राहिला प्रश्न ऑनलाइन टाकायचा. आईची हरकत नव्हती. बाबा म्हणाले, “हॉलमध्ये दाखव. माणसं बसून पूर्ण बघतील. फोनवर कुणीतरी माझा तेवढाच तुकडा कापून पुढे पाठवेल.” त्यामुळे ती ऑनलाइन नाही. निवड समितीला पासवर्डची लिंक जाते आणि निकाल लागला की मी ती बंद करते. बऱ्याच फेस्टिव्हलना आधी नेटवर न आलेलीच फिल्म हवी असते, तेव्हा तिथेही यामुळे अडत नाही. फिल्म बघायची आहे असं कुणी कळवलं, तर मी पुढच्या प्रदर्शनाची तारीख पाठवते.