बॉल उजवीकडं जाऊन राहिला

नागपुरात कोणाला पत्ता विचारला, तर सांगणारा दोन पावलं सोबत चालून वळण दाखवतो. बिघडलेल्या गोल्फबद्दल विचारलं, तर तो अख्खे अठरा होल सोबत चालतो आणि दर होलवर नवीन दोष दाखवतो.

माझा बॉल गेल्या पावसाळ्यापासून उजवीकडे वळायला लागला. निघतो चांगला, थोडं अंतर गेला की त्याला काहीतरी आठवतं आणि मग तो झुडपांची वाट धरतो. याला स्लाइस म्हणतात. हौशी खेळाडूंमध्ये हे दुखणं इतकं सर्रास आहे, की त्यावर उपाय सांगण्याचा अधिकार ज्याला त्याला आपोआप मिळतो.

क्रिकेटमध्ये निदान बोलर तरी असतो. बॉल आत आला, खाली राहिला, पिचच खराब होतं, असं काहीही म्हणता येतं आणि जामठ्याच्या स्टेडियमपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत कोणीही ते ऐकून घेतं. गोल्फमध्ये जेमतेम शेहेचाळीस ग्रॅमचा बॉल निमूट बसलेला असतो. त्याला कोणी टाकलेलं नसतं, तो उसळत नाही, वळत नाही. जे काही वळणं आहे ते आपण मारल्यानंतरचं. दोष द्यायला जवळपास कोणीच सापडत नाही, तेव्हा माणूस मदत मागायला निघतो.

आमच्या रविवारच्या चौकडीत एक निवृत्त फौजी अधिकारी आहेत. त्यांचं निदान ठरलेलं: डोकं हलतंय. सर्जन मित्राला माझा उजवा खांदा घाई करताना दिसतो. संत्र्याचा मोठा व्यापार असलेले तिसरे गृहस्थ थेट मुद्द्याला, म्हणजे लांब फटक्याच्या काठीला, हात घालतात, "भाऊ, ड्रायव्हर बदलून टाका." नंतर तर्री पोह्यांच्या गाडीवर भेटणारा कॉलेजचा दोस्त वेगळाच. त्यानं आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही, पण म्हणून तो मागे राहत नाही. "अबे, तू कॉलेजात कव्हर ड्राइव्ह मारत होता ना? मंग तसाच मार ना. काहून एवढं डोकं लावून राहिला?"

गंमत म्हणजे यातला कोणीही साफ चुकीचा नसतो. अडचण तिथेच आहे. काठी वर गेल्यावर खाली येऊन बॉलला लागेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. त्या पाव सेकंदात डोकं, खांदा, कोपर, मनगट आणि श्वास या पाचही मान्यवरांचं ऐकायचं. त्यापेक्षा सीताबर्डीच्या गर्दीत स्कूटर उभी करायला जागा मिळवणं सोपं.

'डोकं खाली ठेवा' या सल्ल्यावर तर माझा विशेष राग आहे. तो फुकट मिळतो, कोणत्याही वाईट फटक्यानंतर देता येतो आणि समोरच्याला खोडून काढता येत नाही, कारण फटका मारताना आपलं डोकं कुठे होतं हे आपल्याला दिसलेलंच नसतं. दहा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकणारी ॲनिका सोरेन्स्टाम बॉलला काठी लागता लागताच मान समोर वळवायची. ती आमच्या रविवारच्या कंपूत असती, तर पहिल्याच होलवर तिला डोकं खाली ठेवायला सांगितलं गेलं असतं.

खेळ खरंच बिघडलाय का, हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. मी पेशानं हिशेबनीस. आकडे समोर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून एका संध्याकाळी मी स्कोअरकार्डं घेऊन बसलो. २०२० साली जगभर लागू झालेली हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूची पातळी आकड्यात सांगण्याची, पद्धत अशी, की तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सगळ्यात चांगल्या ८ निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. उरलेल्या १२ बाजूला. म्हणजे हँडिकॅप हा स्थळासाठी काढलेला फोटो आहे: चेहरा आपलाच, पण रोज सकाळी आरशात दिसतो तो नव्हे. आता माणूस त्या फोटोबरोबर दर रविवारी स्वतःला ताडून बघणार, मग बहुतेक रविवारी तो उणाच भरणार. हे गणित चौकडीला समजावलं तर फौजी साहेब म्हणाले, "गणित ठीक आहे हो, पण डोकं हलतंय."

दुसरी गोष्ट हवामानाची, आणि इथे नागपूरकर फार फसतो. मे महिन्यात पहाटे साडेपाचला पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहायचं, कारण नऊनंतर तिथे फक्त टिटव्या उभ्या राहू शकतात. गवत पिवळं पडलेलं असतं, खालची काळी माती भाजून विटेसारखी टणक झालेली असते, कुठेकुठे तर बॉल अडकेल एवढ्या भेगा. अशा जमिनीवर बॉल पडल्यावर पळतच राहतो. शिवाय हवा जितकी तापेल तितकी विरळ, त्यामुळे तो हवेतही थोडा लांब जातो. उन्हाळाभर माणसाला वाटत राहतं की आपल्या मनगटात काय ताकद आलीय! मग मृग लागतो, पाऊस पडतो आणि तीच माती बॉलला जिथल्या तिथे धरून ठेवते. काल जिथे सात नंबरचं आयर्न पुरत होतं, तिथे आज त्याहून लांब मारणारं पाच नंबरही कमी पडतं. आता अंतर कमी झालं म्हणून माणूस जोर लावतो. जोर लावला की मुठी आवळतात, आवळलेल्या मुठीत काठीचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, वेळेवर सरळ होत नाही, उघडाच राहतो, आणि बॉल उजवीकडे. माझं दुखणं पावसाळ्यातच का सुरू झालं, ते मला असं उमगलं. हे मला कोणी सांगितलं नाही, कारण प्रत्येक जण माझ्या शरीराकडे बघत होता, जमिनीकडे कोणी बघत नव्हतं.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. इयन बेकर-फिंच या ऑस्ट्रेलियन खेळाडूनं १९९१ साली ब्रिटिश ओपन जिंकली. पुढे आणखी लांब मारायच्या नादात तो स्विंग बदलत गेला आणि १९९७ च्या त्याच स्पर्धेत पहिल्या दिवशी, जिथे कमी फटके मारणारा जिंकतो तिथे, तब्बल ९२ फटके मारून बाहेर पडला. उलट इंग्लंडच्या निक फाल्डोनं ऐंशीच्या दशकात डेव्हिड लेडबेटर या एकाच गुरूच्या हाती सगळा स्विंग सोपवला, तो मोडून नव्यानं बांधला आणि १९८७ च्या ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या फटक्यांत, खेळून जिंकला. या दोन गोष्टींतून मी काढलेला निष्कर्ष स्वस्तातला आहे: वैद्य एकच असावा आणि तो चौकडीबाहेरचा असावा.

तो शोधायला लावला आमची बॅग वाहणाऱ्या कॅडीनं. हा माणूस फार कमी बोलतो. मी बॉलच्या बाजूला उभा, मागे बॅग टेकवून तो बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, बॉल तं उजवीकडं जाऊन राहिला, अन् तुम्ही डावीकडं पाहून राहिले."

स्लाइसच्या सगळ्या दुष्टचक्राचं वर्णन या एका वाक्यात आहे. बॉल उजवीकडे जातो म्हणून माणूस थोडा डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळे काठी बॉलवरून आणखी तिरकी, बाहेरून आत कापत जाते. त्यामुळे बॉल आणखी उजवीकडे. मग माणूस आणखी डावीकडे. चालू दिलं तर एक दिवस आपण क्लबहाऊसकडे तोंड करून टी-शॉट मारू.

कॅडीनंच सुचवलेल्या प्रशिक्षकाकडे सरावाच्या रेंजवर गेलो. पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. मी सगळ्यांच्या सल्ल्यांची यादी सांगायला सुरुवात केली, त्यानं हात पुढे केला. "सर, आधी ग्लव्ह दाखवा." डाव्या हाताचा ग्लव्ह. करंगळीच्या खाली, तळहाताच्या टाचेशी कातडं झिजून एक भोक पडलं होतं. मी ते रोज बघत होतो आणि आजकालच्या मालाला टिकाऊपणा नाही असं म्हणत होतो. त्यानं भोकात बोट घातलं आणि सांगितलं, काठी बोटांत नाही, तळहातात धरता आहात, ती वर गेल्यावर सरकते आणि तुम्ही खाली येता येता पुन्हा पकडता. नंतर त्यानं व्हाइटबोर्डच्या मार्करनं बॉलच्या मागच्या बाजूला एक ठिपका काढला. मी मारला. ड्रायव्हरच्या फेसवर ठिपक्याचा निळा ठसा उमटला होता. मधोमध नव्हे, आत टाचेकडे, दांडी जिथे सुरू होते त्याच्या जरा अलीकडे. पुन्हा ठिपका, पुन्हा तिथेच. एवढी नियमितता माझ्या स्कोअरकार्डात कधी दिसली नव्हती.

बॉल सुटतो मुख्यतः फेस जिकडे बघतो तिकडे, आणि पुढे वळतो तो फेस आणि काठीची वाट यांचं पटत नाही म्हणून, हे त्यानं दोन काठ्या जमिनीवर ठेवून दाखवलं. जुनी पुस्तकं बरीच वर्षं नेमकं उलटं शिकवत होती. रडारवर चालणारी यंत्रं आली तेव्हा खरं काय ते कळलं. डोक्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाला, "डोकं राहू द्या सर, बोटं बघू."

बोटं बघणं चालू आहे. बॉल अजून वळतो, पण झुडपांच्या अलीकडेच थांबतो. चौकडीत मी कोणाचं काय ऐकतोय हे सांगत नाही, तरी सर्जननं परवा गाडीत बसता बसता हळूच त्या पोराचा नंबर मागितला.

पुढच्या तासाला पटर, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकलायची काठी, आणायला सांगितलंय. माझ्या पटिंगबद्दल मला आजवर काहीही तक्रार नव्हती. कालपासून आहे.