जागेवरून हलू नका

धावांचा पाठलाग सुरू आहे, कुणीतरी पाणी प्यायला उठतं आणि नेमक्या त्याच चेंडूवर विकेट जाते. मग त्या माणसाचं काही खरं नसतं. त्याला परत आत घ्यायचं की आता तिथेच दारात उभं ठेवायचं, यावर घरात गंभीर चर्चा होते. विकेट त्याच्या उठण्यामुळेच गेली याबद्दल कुणाचं दुमत नसतं. मुद्दा फक्त पुढच्या उपायाचा असतो. एरवी मांजर आडवं गेलं तरी ढिम्म न हलणारी, चांगली शिकलीसवरलेली माणसं ही.

यांना हसण्याआधी २०११ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवावा. सेहवाग शून्यावर गेला, सचिन १८ वर. त्यानंतर सामना संपेपर्यंत सचिनने सेहवागला शेजारून हलू दिलं नाही, हे सचिननेच पुढे सांगितलं आहे. दोन दशकं मैदानात काढलेला माणूस हा! पण बाद होऊन आत आल्यावर त्याच्याही हातात काही उरलं नव्हतं. पॅड सोडले आणि तो आपल्यात आला.

टीमच्या पाठीराख्याचा खरा ताण मला वाटतं हाच आहे. हरण्याची भीती असतेच, पण ती त्यातला छोटा भाग. जीव एवढा टांगणीला लागलेला असताना करायला काहीच नसतं, हा मोठा भाग. परीक्षेची धडकी भरली तर अभ्यास करता येतो, निदान पुस्तक उघडून बसता येतं. इथे काय करणार? ओरडणार. ते टीव्हीला ऐकू जात नाही. म्हणून मग माणूस स्वतःच स्वतःला एक काम लावून घेतो. जागा सोडायची नाही, मांडी मोडायची नाही, मागच्या विजयाच्या दिवशीचा शर्ट न धुता घालायचा. हे सगळं करताना आपण टीमसाठी काहीतरी करतोय असं वाटत राहतं आणि त्या वाटण्यावर सामना निघतो. इंग्लंडचे पंच डेव्हिड शेपर्ड धावफलक १११ या अशुभ मानल्या जाणाऱ्या आकड्यावर आला की एक पाय उचलून उभे राहायचे. त्यांना तर कुणीच जिंकायला नको होतं!

या बाबतीत मला हेवा वाटतो तो जर्मनीचा गोलकीपर येन्स लेमन याचा. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात बर्लिनला अर्जेंटिनाविरुद्धची उपांत्यपूर्व लढत १-१ अशी अडली आणि पेनल्टीवर गेली. लेमनच्या मोज्यात एक चिठ्ठी होती. अर्जेंटिनाचा कोण खेळाडू बहुधा कुठे मारतो, ते तिच्यावर पेन्सिलीने खरडलेलं. तो ती काढायचा, वाचायचा, परत मोज्यात खोचायचा. शेवटी कांबियासो आला. त्याचं नाव चिठ्ठीत नव्हतंच. लेमनने तरीही चिठ्ठी काढली, वाचल्यासारखं केलं आणि फटका अडवला. जर्मनी पेनल्टीत ४-२ ने जिंकली.

बघा, चिठ्ठी कोरी असली तरी चालते. हातात काहीतरी हवं.

त्याच वेळी घराघरांत टीव्हीसमोर बसलेल्या जर्मनांकडे मात्र चिठ्ठी नव्हती. त्यांचं काय झालं हे म्युनिकच्या डॉक्टरांनी मोजलं. त्या स्पर्धेच्या काळात त्या भागात हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण किती आले, याची त्यांनी नोंद ठेवली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हे प्रमाण एरवीच्या २.६६ पट होतं. पुरुषांत ३.२६ पट. सगळ्यात जास्त रुग्ण सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांतले. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हे आकडे हसण्यावारी नेऊ नयेत, गोळ्या वेळेवर घ्याव्यात. पण मला त्यात अडकवून ठेवलं ते डॉक्टरांच्या निष्कर्षाने. त्यांच्या मते महत्त्व निकालाला नव्हतं, बघतानाच्या ताणाला होतं, विशेषतः पेनल्टीपर्यंत गेलेल्या चुरशीच्या सामन्यात. टीम जिंकली म्हणून छाती वाचते असं नाही. निकाल लागेपर्यंतच जे व्हायचं ते होऊन जातं.

माझ्या मावशीला हे कुणी सांगायची गरज पडली नाही. ती सामना बघत नाही, ऐकते, तेही आतल्या खोलीतून. शेवटची पाच षटकं आली की वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसते. एकदा मी मधल्या दारातून बघत राहिलो. चादरीची टोकं जुळवली, चार घड्या घातल्या, तळहाताने दाबून कडा बसवल्या. बाहेरून ओरडा ऐकू आला तशी तीच चादर झटकून उघडली आणि पुन्हा पहिल्या घडीपासून सुरुवात.

"काय झालं रे?"

"चौकार."

"कुणाचा?"

"त्यांचा."

"मग सांगितलंस कशाला?"

तिचे नियम आहेत. त्यांचा चौकार सांगायचा नाही. आपला चौकार तिने विचारल्याशिवाय सांगायचा नाही, दृष्ट लागते. आणि ‘जिंकलोच आता’ हे वाक्य शेवटचा चेंडू पडेपर्यंत घरात उच्चारायचं नाही. विकेट मात्र सांगावी लागत नाही, ती कुणाची गेली हे तिला माझ्या आवाजावरून कळतं. सामना संपला की कपाटात एवढ्या सुबक घड्या लागलेल्या असतात की टीम हरली तरी घराचं नुकसान होत नाही. ताणावरचे जेवढे उपाय मी पाहिलेत, त्यात हा मला अव्वल वाटतो. श्वासावर लक्ष केंद्रित करा म्हणणाऱ्यांनी सुपर ओव्हर चालू असताना ते स्वतः करून दाखवावं.

हल्ली या सगळ्यात टक्क्यांची भर पडली आहे. पडद्याच्या एका कोपऱ्यात कोण जिंकण्याची किती शक्यता, याचा आकडा झळकतो. पूर्वी आपल्याला नुसतंच वाटायचं की काही खरं नाही. आता किती खरं नाही ते कळतं. आणि गंमत म्हणजे आकडा आपल्या बाजूचा असला की जास्त त्रास होतो.

२९ जून २०२४, बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्यात, सहा गडी हातात आणि क्लासेन सुसाट सुटलेला. भारताच्या पाठीराख्यासाठी ती वेळ वाईट होती पण सोपी होती. गेला सामना, असं म्हणून मोकळं होता येत होतं. मला पुढे राहून राहून आठवण येत राहिली ती दक्षिण आफ्रिकेत टीव्हीसमोर बसलेल्या, मला कधीच न भेटणाऱ्या माणसाची. त्याच्या पोटात १९९२ च्या विश्वचषकातल्या उपांत्य लढतीचा पाऊस होता आणि त्या पावसानंतर फलकावर आलेलं ‘एका चेंडूत २२ धावा’ हे गणित. १९९९ ची एजबॅस्टनची उपांत्य लढत होती. धावसंख्या बरोबरीत, एक धाव हवी, डोनाल्ड धावबाद, सामना टाय आणि ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत. एवढं सगळं गिळून बसलेल्या त्या माणसाला आता कोपऱ्यातला आकडा सांगतोय की या वेळी नक्की. तो बिचारा हलला असेल का जागेवरून? क्लासेन गेला, बुमराच्या षटकात दोन धावा निघाल्या आणि दक्षिण आफ्रिका सात धावांनी हरली. पहिल्या षटकापासून हरत आले असते तर तो केव्हाच झोपायला गेला असता. आशेने त्याला शेवटच्या चेंडूपर्यंत बसवून ठेवलं.

म्हणूनच बहुधा काही लोक नाणेफेकीलाच जाहीर करून टाकतात, "आज काही आपलं खरं नाही." हा विमा असतो. हरलो तर मी म्हटलंच होतं, जिंकलो तर कोण विचारतो. पण विमा उतरवलेला माणूस टीव्ही बंद करून निघून गेलाय, असं काही मी पाहिलेलं नाही. तो सगळ्यात पुढे बसलेला असतो.

मोबाइलवर बघणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मोबाइलवरचं प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. आपला गोलंदाज अजून धावत येतोय आणि शेजारच्या टीव्हीवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सुरुवातीला याची चीड येते. नंतर कान तयार होतात. भिंतीपलीकडून आरोळी आली की विकेट. नुसतंच ‘अरेरे’ आलं की झेल सुटला. आणि काहीच आलं नाही, तर एकतर निर्धाव चेंडू, नाहीतर सरळ षटकार बसलाय. त्या काही सेकंदांत मी जे होणार ते आधीच पचवून घेतो आणि मग शांतपणे डोळ्यांनी बघतो. भूल देऊन दात काढल्यासारखं. शेजाऱ्यांनी मधेच टीव्ही बंद केला तर मात्र पंचाईत होते.

रेकॉर्ड करून बघणाऱ्यांना वाटतं आपण या सगळ्यातून सुटलो. निकाल कळू नये म्हणून ते फोन उलटा ठेवतात, रस्त्यात लोकांचे चेहरे बघत नाहीत, कुणी बोलायला लागलं की कानावर हात ठेवतात. म्हणजे सामना टाळायलाच सामन्याहून जास्त मेहनत. मग रात्री निवांत लावतात. खेळ काही तासांपूर्वी संपलाय, करंडक दिला गेलाय, खेळाडू हॉटेलवर जाऊन झोपलेत. आणि हा गृहस्थ शेवटच्या षटकात मांडी मोडत नाही, विकेट जाईल म्हणून!

‘अरे, शेवटी खेळच आहे’ असं सांगणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. त्यांच्याशी सामन्यानंतर बोलावं.

इतका त्रास होतो तर टीम बदलावी, हा सल्ला कागदावर बिनतोड आहे. पण तो कुणी घेत नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या शिकागो कब्ज संघाने १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली आणि पुढची जिंकली ती २०१६ मध्ये. मधली १०८ वर्षं. वाट बघता बघता पिढ्या गेल्या, पण नातवंडांनी आजोबांचीच टीम धरून ठेवली. त्या २०१६ च्या निर्णायक सातव्या सामन्यात काय व्हावं? नऊ डाव संपले तेव्हा ६-६ अशी बरोबरी आणि वरून पाऊस. खेळ १७ मिनिटं थांबला. १०८ वर्षांवर ही १७ मिनिटं! मग दहाव्या डावात कब्ज ८-७ ने जिंकले. समोरच्या क्लीव्हलँडचे पाठीराखेही १९४८ पासून वाट बघत होते, त्यांच्याकडे कोण बघतं. ती १७ मिनिटं दोन्हीकडच्या लोकांनी कशी काढली असतील याची मला फार उत्सुकता आहे. बऱ्याच चादरींच्या घड्या झाल्या असत्या.

ज्याला ताण अजिबात नकोच असेल, त्याच्यासाठी एक सामना असतो. फुटबॉल विश्वचषकात उपांत्य फेरीत हरलेल्या दोन संघांना तिसऱ्या क्रमांकासाठी खेळवतात. दोघांचंही दुःख आदल्या सामन्यात झालेलं असतं, त्यामुळे खेळ मोकळा होतो, गोल होतात, कुणी कुणावर धावून जात नाही. असाच एक सामना मी पाय पसरून बघत होतो. ओरडा नाही म्हणून मावशी चक्क बाहेर येऊन बसली. थोडा वेळ तिने बघितलं.

"यातले आपले कोण?"

"कुणीच नाही."

"मग कोण जिंकायला हवंय?"

"कुणीही जिंकलं तरी चालेल."

तिने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. मग पुन्हा टीव्हीकडे. "ते निळे आपले," तिने ठरवून टाकलं आणि पाचव्या मिनिटाला दोरीवरचे कपडे काढायला उठून गेली.