जीआरएनची तारीख

२०२४ चा मार्च अकाउंट्सवाल्यांच्या चांगलाच लक्षात असेल. सोमवारी २५ ला धुळवड, शुक्रवारी २९ ला गुड फ्रायडे आणि ३१ तारीख रविवारी. वर्षअखेरीचा आठवडा दोन्ही बाजूंनी कुरतडलेला, आणि त्यात आयकराच्या कलम ४३बी(एच)चं पहिलंच वर्ष.

ज्यांचा याच्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून माल घेतला तर पैसे १५ दिवसांत द्यायचे, लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगत होता. सांगत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. म्हणून मग आयकरात हे कलम आलं. मुदत उलटलेली बिलं ३१ मार्चला बाकी दिसली, तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही; पैसे द्याल त्या वर्षी धरा. म्हणजे नफा कागदावर फुगणार आणि त्यावर कर भरावा लागणार.

मी तेव्हा चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत व्हेंडर पेमेंट बघत होते. आमचे निम्मे व्हेंडर भोसरी, तळवडे, कुरुळीतले. कुणाचं प्रेस शॉप, कुणाचं पावडर कोटिंग, कुणी दोन सीएनसी मशीन टाकून भावाभावांनी चालवलेलं जॉबवर्क. आमच्याकडे ९० दिवसांत पैसे मिळाले तर माणूस पेढे घेऊन यायचा. ही थट्टा नाही, एक जण खरंच आला होता.

आमचे फायनान्सचे साहेब हुशार होते, हे आधी मान्य करते. ताळेबंदावर नजर टाकून चूक कुठल्या पानावर आहे ते सांगायचे. पण माणसांना उभं करून बोलायची हौस दांडगी. सकाळच्या रिव्ह्यूला खुर्च्या असायच्या, बसायचं नाही. रात्री अकराला फोन, आणि फोनवर आकडे तोंडपाठ पाहिजेत. माझी लेक दहावीला होती. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर माझा लॅपटॉप आणि ती स्वयंपाकघरात, असं वर्षभर चाललं. पित्ताच्या गोळ्या मी पर्समध्येच ठेवायचे. ऑफिसात त्या इतक्या जणांकडे असत की कुणाकडेही हात पसरला तरी मिळायची.

साहेबांची आणखी एक रीत होती. ते काहीही लिहून देत नसत. मेल केला की उत्तर म्हणून फोन यायचा. व्हॉट्सअॅपवर प्रश्न विचारला की ‘कॉल करतो’. एखादं काम नियमात बसत नसेल तर ते ‘हे करा’ असंही म्हणायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, ‘बघून घ्या.’ नंतर ऑडिटरने बोट ठेवलं की ज्याने बघून घेतलं तो उभा.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, बोटांचा रंग अजून गेला नव्हता. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क बसा म्हणाले. तिथेच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

टेबलावर माझीच एजिंगची यादी होती, म्हणजे कुणाचं बिल किती दिवस थकलंय त्याची. लघु उद्योगवाल्यांची मुदत उलटलेली बाकी कोटीच्या वर होती. सगळी द्यायला बँकेत पैसे नव्हते, सीसी लिमिट, म्हणजे बँकेकडून उचलायच्या पैशांची मर्यादा, काठोकाठ भरलेली.

‘यातल्या जीआरएन १५ फेब्रुवारी किंवा नंतरच्या दिसल्या तर प्रश्न मिटतो ना?’ साहेब म्हणाले. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती.

हिशोब बरोबर होता. माल स्वीकारल्याच्या तारखेपासून दिवस मोजतात आणि १५ फेब्रुवारीपासून ४५ वा दिवस म्हणजे ३१ मार्च. माल जानेवारीत आला होता. स्टोअरने जीआरएन तेव्हाच केली होती. तिची तारीख बदलायची, की बिल मुदतीत बसतं.

मी म्हटलं, ‘सर, गेटच्या इनवर्ड रजिस्टरला जानेवारीचा शिक्का आहे. मालवाहतुकीची ई-वे बिलं जानेवारीची आहेत. आणि या मालावरच्या जीएसटीचं क्रेडिट आपण जानेवारीच्या थ्री-बी रिटर्नमध्ये घेऊन बसलोय. माल हातात आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. आता माल फेब्रुवारीच्या शेवटी आला म्हणायचं, तर ते क्रेडिट चुकीचं ठरतं.’

‘ते नंतर बघू.’

‘शिवाय एडिट लॉग आहे.’

हा मुद्दा त्यांना माहीत नसेल असं नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं आहे, आणि ती नोंद बंद ठेवता येत नाही. कुणाच्या लॉगिनमधून, किती वाजता, आधी काय होतं आणि नंतर काय केलं, सगळं उमटतं. त्या लॉगमध्ये नाव उमटणार होतं माझं.

‘म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तुम्ही सीनियर आहात. बघून घ्या.’

मी म्हटलं, ‘सर, कुठल्या जीआरएन आणि कुठली तारीख, एवढं मेलवर टाका. मी लगेच बसते.’

खरं तर मेल आला असता तरी मी ते केलं नसतं. पण तो येणार नाही याची मला खात्री होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडले नाहीत. ‘ठीक आहे, या तुम्ही,’ म्हणाले. इतक्या वर्षांत त्या केबिनमधून मी एवढ्या शांततेत कधी बाहेर आले नव्हते.

जेवणानंतर एचआरमधून फोन आला. तिथली मुलगी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आदल्याच दिवाळीत माझ्याकडून चकलीच्या भाजणीचं प्रमाण लिहून घेऊन गेलेली. तिने माझ्याकडे न बघता कागद पुढे सरकवला. टाइप केलेला राजीनामा, ‘वैयक्तिक कारणास्तव’. सही तेवढी माझी हवी होती.

‘मॅडम, सर म्हणतात अपेक्षा जुळत नाहीयेत. तुम्ही स्वतःहून दिलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाहीतर उगाच पुढच्या कंपनीतून व्हेरिफिकेशनला फोन येतात...’

आता गंमत अशी, की त्या कंपनीतून गेलेल्या प्रत्येक माणसाचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, माझ्या टेबलावरून गेलं होतं. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहून दिलेल्यांचा नोटीस पगार आम्ही त्यांच्याकडूनच वसूल करायचो, हे मला ठाऊक होतं. ती शीट माझीच होती. मी तिच्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि त्या राजीनाम्याच्या पाठीवर माझा हिशोब मांडला. नेमणूकपत्रात दोन महिन्यांची नोटीस आहे, ती कंपनी देईल. शिल्लक रजेचे पैसे. ग्रॅच्युइटी मूळ पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिने उलटून गेलेत म्हणून ते पूर्ण धरायचं. तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासकट.

‘काढायचं असेल तर काढल्याचं पत्र द्या,’ मी म्हटलं. ‘मला वैयक्तिक काहीही झालेलं नाही.’

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मी भिंतीवरचं ‘आमची मूल्ये’ हे पोस्टर वाचून काढलं, त्यात पारदर्शकता तिसऱ्या क्रमांकावर होती. हातपाय गार पडले होते, हेही सांगते. घराचा हप्ता, लेकीचे अकरावीचे क्लास, नवऱ्याला कुठल्या शब्दांत सांगायचं. ग्रॅच्युइटीचं सूत्र तोंडपाठ असलं म्हणून पोटातला गोळा हलत नाही.

पत्र आलं. दोन ओळींचं, ‘नोटीस वेतन देऊन सेवामुक्त करण्यात येत आहे’. कारण नाही. खाली सही एचआरची, साहेबांची नव्हतीच. मी जागेवर पोचेपर्यंत लॉगिन बंद झालं होतं.

गेटवर वेगळंच नाट्य. सिक्युरिटीच्या काकांनी पिशवी उघडली आणि माझा स्वतःचा कॅसिओ कॅल्क्युलेटर धरला. ‘मॅडम, याला गेटपास लागतो.’ नियम बरोबर होता, तो आमच्याच विभागाने काढला होता. स्टोअरचा पोरगा पळत आला, पास फाडला, आणि ‘रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?’ विचारून स्वतःच ओशाळला. काका म्हणाले, ‘नॉन लिही बाबा.’ आम्ही तिघंही हसलो. मग मला एकदम रडू आलं. काकांनी रजिस्टरमध्ये डोकं घातलं आणि वेळ टाकली.

कंपनीची बस सुटायला तास होता. आंबेठाण चौकापर्यंत चालत गेले, तिथून मोशीला जाणारी पीएमपी पकडली. बसमध्ये फोन वाजला. भोसरीचा पावडर कोटिंगवाला, नेहमीप्रमाणे.

‘मॅडम, तेवढं आमचं मार्चमध्ये बसेल का? पोरांचे पगार राहिलेत.’

‘दादा, मी आता तिथे नाही.’

थोडा वेळ नुसता कॉम्प्रेसरचा आवाज. मग म्हणाला, ‘मग आता मी फोन कुणाला करू?’

तारखा पुढे कुणी बदलल्या नाहीत, असं नंतर कानावर आलं. लॉगिन द्यायला कोणी तयार झालं नाही. माझे पैसे आले, ग्रॅच्युइटी तेवढी दोन मेल केल्यावर. जूनपासून मी पिंपरीत एका सीएंच्या ऑफिसात लागले. पगार बराच कमी आहे. रात्री अकराला फोन येत नाही, पण टॅक्स ऑडिटच्या सप्टेंबरात सगळेच झोपायचं विसरतात.

तिथे बसूनच मी त्या पावडर कोटिंगवाल्याचं व्याज काढून दिलं. थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट, म्हणजे तेव्हाच्या पावणेसात टक्क्यांवर सव्वावीस टक्के, तेही दरमहा चक्रवाढीने. ‘सरकारच्या समाधान पोर्टलवर टाका, घरबसल्या तक्रार होते,’ मी म्हणाले. त्याने आकडा दोनदा वाचला, कागदाची घडी करून खिशात ठेवली.

‘तक्रार करतो मॅडम. पण मग पुढची ऑर्डर पण समाधानच देईल ना?’