वहीत पोटॅशियम शून्य, रिपोर्टमध्ये 6.1

मी डाएटिशियन आहे, किडनीचे पेशंट बरेच येतात. मागच्या वर्षी डॉक्टरांची चिठ्ठी आली, "पोटॅशियम 6.1, कुठून येतंय बघा". रक्तात ते नॉर्मल साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असतं आणि सहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडायची भीती, त्यामुळे ईसीजी काढून, औषध चालू करूनच काकांना माझ्याकडे पाठवलेलं. सोबत मुलगी, आणि काकांच्या हातात वही.

वही बघून मी चाटच पडले. काका रिटायर्ड अकाउंटंट, पट्टीने रकाने आखलेले, पदार्थ, वजन, प्रोटीन, सोडियम, पोटॅशियम, खाली रोजची बेरीज लाल पेनाने. सर्व्हिंगची भानगडही त्यांनी बरोब्बर पकडलेली, म्हणजे पाकिटावर सोडियम 280 मिलिग्रॅम दिसतं पण ते 30 ग्रॅमच्या सर्व्हिंगचं, काका खाणार 75 ग्रॅम, म्हणून वहीत 700. काही पाकिटांवर सोडियमऐवजी मीठ लिहिलेलं असतं, तिथे अडीचने भागून सोडियम काढलेलं. आमच्या इंटर्न्सना हे शिकवताना माझा घसा बसतो हो!

पण खाण्यातल्या पोटॅशियमची बेरीज? दिवसाला 600-650 मिलिग्रॅम. तिथे माझं डोकं अडकलं, कारण साधं दोन वेळचं पोटभर जेवण घेतलं तरी आकडा याच्या कितीतरी पुढे जातो. मी म्हटलं, "काका, हे आकडे कुठून घेतलेत?" तर म्हणाले, "पाकिटावरून. पाकिटावर नसेल तर मुलीने अ‍ॅप टाकून दिलंय त्यातून." मग एकेक ओळ घेऊन बसलो. ब्रेड, पोटॅशियम 0. सूप, 0. बिस्किट, 0. सॉस, 0. मी सूपच्या पाकिटाचा फोटो मागितला, टेबलात पोटॅशियमची ओळच नाही. खूप ठिकाणी ती छापणं सक्तीचं नसतं, कंपनी छापत नाही, अ‍ॅपमध्ये कुणीतरी पाकीट बघून माहिती भरतो आणि तो रकाना रिकामा ठेवतो, आणि अ‍ॅप बेरीज करताना रिकाम्याला शून्य धरतं. काकांनी ते शून्य इमानदारीत वहीत उतरवलेलं.

तरी 6.1 चा हिशोब लागेना, म्हणून शेवटी विचारलं, "मीठ किती?"

"मीठ बंदच केलंय मॅडम! चार महिने झाले. लो-सोडियमवालं वापरतो."

मुलीने घरी फोन करून पुडीच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला. सोडियमचा आकडा ठळक, आणि घटकांच्या यादीत बारीक अक्षरात दुसऱ्याच नंबरवर पोटॅशियम क्लोराइड. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे दुसरा नंबर म्हणजे चिमूटभर नव्हे. 1 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये जवळपास 520 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. सूपच्या यादीतही 508 हा अ‍ॅडिटिव्हचा नंबर होता, म्हणजे तेही पोटॅशियम क्लोराइडच. निरोगी माणसाला हे मीठ चालतं, बीपीसाठी फायद्याचंही आहे, पण किडनी अधू असेल तर हे पोटॅशियम बाहेर टाकणार कोण?

आता जरा लाज वाटते ते सांगते. काका म्हणाले, "पण मॅडम, तुम्हीच दिलेल्या कागदावर होतं ना", आणि वहीतून घडी काढली. माझाच छापील कागद. "लेबलवर सोडियम कमी असलेलं निवडा." एवढंच. पुढे घटकांची यादी वाचा, पोटॅशियम क्लोराइड दिसलं तर ठेवून द्या, असं एक अक्षर नाही. बिचाऱ्यांनी सांगितलं तेच केलं, तेही माझ्यापेक्षा नीट. मी सॉरी म्हटलं. मुलगी काही बोलली नाही, पण तिची नजर अजून आठवते.

मग त्यांना अमेरिकन कृषी खात्याचा फूडडेटा सेंट्रल दाखवला, म्हणजे कुठल्या पदार्थात काय किती ते सांगणारा ऑनलाइन डेटाबेस, फुकट आहे. तिथेही एक मेख आहेच, ब्रँडेड पदार्थांची माहिती मुळात लेबलवरूनच येते, म्हणजे जे पाकिटावर नाही ते तिथेही सापडेलच असं नाही. लॅबमध्ये तपासलेले साधे पदार्थ 'फाउंडेशन फूड्स'मध्ये बघायचे, आणि कच्चं की शिजवलेलं ते आधी वाचायचं, कारण मसूर कच्ची घेतली तर 100 ग्रॅमला प्रोटीन 24 च्या आसपास आणि शिजवलेली घेतली तर 9. काका हे सगळं लिहून घेत होते. पुडी त्याच दिवशी बंद, सूपही बंद.

तीन आठवड्यांनी आले तेव्हा पोटॅशियम 4.9. आधी वही उघडली. जिथे शून्य होती तिथे सगळीकडे लाल प्रश्नचिन्हं, आणि बेरजेपुढे "किमान" असं लिहिलेलं. शेजारी एक नवा कोरा रकाना, फॉस्फरस, किडनीच्या पेशंटला तेही जपून घ्यावं लागतं.

"मॅडम, यादीत ठिकठिकाणी फॉस्फेट लिहिलेलं दिसतं, मग याचा आकडा पाकिटावर कुठे असतो?"

"बहुतेक पाकिटांवर नसतोच काका."

"वाटलंच मला," म्हणाले आणि लाल पेन काढलं.